भाकीत की छाया?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात असे म्हटले आहे की, येशूच्या जन्मापासून मरणापर्यंतची प्रत्येक गोष्ट हिब्रू संदेष्ट्यांनी शेकडो वर्षे आधीच लिहून ठेवली होती आणि यहुद्यांना मात्र ती डोळे असून दिसली नाही. मी स्वतः ख्रिस्ती आहे, माझे सारे आयुष्य पुण्यातल्या मराठी मंडळीत गेले आहे, आणि लहानपणी रविवारच्या शाळेत बायबलच्या जुन्या करारातील (म्हणजे यहुद्यांच्याही शास्त्रातील) वचनांसमोर नव्या करारातील त्यांची ‘पूर्तता’ लिहून काढल्याबद्दल मी बक्षीसही मिळवले होते. तेव्हा हे पत्र श्रद्धेच्या विरोधात नाही. परंतु भाकीत, म्हणजे पुढचे आधीच सांगणे, आणि छाया, म्हणजे मागच्या गोष्टीत पुढचीचे साम्य दिसणे, या दोन वेगळ्या गोष्टींची लेखकाने गल्लत केली आहे आणि त्या गल्लतीचा दोष दुसऱ्याच समाजाच्या माथी मारला आहे, म्हणून लिहिणे भाग पडले.

लेखाचा सारा भार यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील सातव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनावर आहे. तो प्रसंग मागचापुढचा संदर्भ न तोडता वाचावा. ख्रिस्तपूर्व ७३४ च्या सुमारास अराम (सीरिया) आणि उत्तरेकडील इस्राएल येथील राजे मिळून यहूदाच्या राज्यावर चालून आले, तिथला राजा आहाज याचे धाबे दणाणले, तेव्हा यशयाने त्याला खूण दिली : एका तरुणीला मुलगा होईल, त्याचे नाव इम्मानुएल, आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याच्या आतच ज्या दोन राजांना तू भितोस त्यांचा देश ओसाड पडेल. सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या बाळाची खूण आहाजाच्या काय कामाची होती? मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’, म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण स्त्री. येशूच्या आधीच यहुद्यांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘पार्थेनोस’ हा शब्द आला, त्याचा रूढ अर्थ पुरुषस्पर्श न झालेली स्त्री, आणि नव्या करारात येशूचे चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने तोच घेतला. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीतही ‘अल्मा’च आहे. आपल्या मराठीची गंमत अशी की ‘कुमारी’ या शब्दात दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. हजेरीपटावर मुलीच्या नावाआधी ‘कु.’ लिहिताना कोणाच्या मनात दुसरा अर्थ येत नाही. त्यामुळे मराठी बायबल वाचणाऱ्याला इथे काही वाद आहे याचा पत्ताच लागत नाही.

हा वाद काही आजच्या शंकेखोरांनी उकरून काढलेला नाही. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर यांनी त्रिफो या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला, त्यात त्रिफो स्पष्ट सांगतो की वचनात ‘तरुणी’ आहे आणि बोलणे आहाजाचा मुलगा हिज्कीया राजा याच्याविषयी आहे. जस्टिन यांना ते पटले नाही, पण त्यांनी ते लिहून ठेवले, एवढा प्रामाणिकपणा आपल्या लेखकाला दाखवता आला असता.

मत्तय मुळात भाकितांची यादी करत होता, असे मला वाटत नाही. “मिसर देशातून मी माझ्या मुलाला बोलावले” हे होशेय संदेष्ट्याचे वाक्य त्याने बाळ येशूला लावले आहे; पण होशेयात ते भूतकाळातले आहे आणि तो ‘मुलगा’ म्हणजे मिसरातून सुटलेले इस्राएल राष्ट्र, हे पुढच्याच ओळीवरून कळते. शास्त्रात मुरलेल्या मत्तयाला हे ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे? इस्राएलाची वाट येशू पुन्हा चालतो आहे, असे त्याला दिसले. प्रेषित पौलानेही आदामाला येणाऱ्याचा, म्हणजे ख्रिस्ताचा, ‘नमुना’ म्हटले. घरात नातू जन्मल्यावर आजोबांच्या जुन्या छायाचित्रात त्याचे नाक सापडते, ते खरेच तसे असते. म्हणून ते छायाचित्र नातवासाठी काढले होते असे आपण म्हणत नाही.

शिवाय ही रीत मुळात यहुद्यांचीच. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील यहुदी पंथाच्या लोकांनी हबक्कूक संदेष्ट्याची वचने आपल्याच काळाला लावली होती आणि १३२ साली रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबाला, जुन्या करारातील ‘याकोबातून निघणारा तारा’ तो हाच म्हणून, रब्बी (यहुदी धर्मगुरू) अकीवा यांनी मशीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानले होते. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक कोण, याचेही एकच उत्तर नाही. आम्ही शुभ शुक्रवारी तो अध्याय वाचतो तेव्हा आम्हाला क्रूसच दिसतो, आणि मला तरी दुसरे काही दिसणे शक्य नाही. पण त्याच पुस्तकाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात “इस्राएला, तू माझा सेवक आहेस” असे आहे, आणि अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी तो सेवक म्हणजे इस्राएल लोकच असा अर्थ लावला. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तर रथात बसून हाच उतारा वाचणारा कूशी (आफ्रिकेतील) अधिकारी फिलिप या ख्रिस्ती प्रचारकाला विचारतो की संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी. म्हणजे नुसत्या वाचनाने ते उघड होत नव्हते, हे नवा करारच सांगतो.

राहिला ‘डोळे असून आंधळे’ हा शेरा. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलसाठी तेराव्या शतकात घडवलेली सिनेगॉगची, म्हणजे यहुदी धर्माचे प्रतीक असलेली, स्त्रीमूर्ती आहे, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली आहे. युरोपात त्या पट्टीच्या नावाने यहुद्यांचे काय काय हाल झाले ते सर्वश्रुत आहे. कॅम्पात १८६७ सालचे लाल देऊळ हे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ आणि रास्ता पेठेत बेने इस्राएल या इथल्या यहुदी समाजाचे प्रार्थनास्थळ असलेल्या शहरातील वृत्तपत्राने तो शेरा पुन्हा छापावा, याचे वाईट वाटले. बेने इस्राएल तर मराठीच बोलणारे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण रचले. ती भाषा त्यांनी आवडीने आत्मसात केली, संदेष्टे मुळातून वाचले, आणि फार थोडे अपवाद वगळता ते यहुदीच राहिले. त्यांना वाचता येत नव्हते असे कोणी म्हणू नये. पोपच्या बायबल आयोगानेही २००१ साली मान्य केले की यहुदी वाचन हे त्या ग्रंथाचे एक संभाव्य वाचन आहे आणि मशीहाची त्यांची प्रतीक्षा व्यर्थ नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. ‘जुना करार मशीहाची वाट पाहत संपतो’ हे लेखातील वाक्य आमच्या पुस्तकांच्या क्रमाने ठीक आहे, कारण तिथे शेवटी मलाखी येतो आणि एलीयाला पाठवण्याचे वचन देतो. यहुद्यांच्या क्रमात मात्र ‘इतिहास’ नावाचे पुस्तक शेवटचे आहे, आणि त्याचा शेवट पारसचा (इराणचा) राजा कोरेश (सायरस) याच्या आज्ञेने होतो, की देवाच्या लोकांपैकी जो कोणी असेल त्याने यरुशलेमेला वर जावे. ‘मशीहा’ म्हणजे अभिषिक्त, आणि यशयाने त्या परधर्मी कोरेशालाही तोच शब्द वापरला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
रास्ता पेठ, पुणे