होलीहेडहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

दादाने माझा इथे समुद्रात कायक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, शिकतानाचा व्हिडिओ दाखवला आणि कायक उलटते तेवढाच भाग आईने पुन्हा पुन्हा लावून पाहिला, असं कळलं. फोनवर विषय काढला की तू "पुरे झाले हे खेळ" म्हणून ठेवून देतेस, म्हणून सगळं पत्रातच लिहिते.

आई, ते उलटणं शिकवतात. खडकाळ किनाऱ्याजवळ लाट आडवी आली की कायक कधी ना कधी पालथी होणारच. तेव्हा बाहेर न पडता, कमरेभोवतीचा, बसायची जागा झाकून पाणी आत येऊ न देणारा घट्ट स्कर्ट तसाच ठेवून, पाण्याखाली वल्हं फिरवून परत सरळ व्हायचं. जोर हातांचा नाही, कमरेचा लागतो, आणि डोकं सगळ्यात शेवटी वर काढायचं. जीव घाबरला की नेमकं डोकंच आधी वर येऊ पाहतं, त्यामुळे हे स्विमिंग पुलात जमलं तरी खवळलेल्या पाण्यात पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. आणि थंडीची काळजी नको. इथे उन्हाळ्यातही समुद्र जेमतेम 15 अंशांचा असतो. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिलं मिनिटभर श्वास आवरतच नाही, नंतर बोटं काम करेनाशी होतात. म्हणून मानेला आणि मनगटांना रबरी पट्ट्या असलेला, आत थेंब न शिरणारा ड्रायसूट घालतो. दिसायला विदूषकासारखा आहे, पण आत लोकरीचे कपडे कोरडे राहतात.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. होलीहेड हे वेल्सच्या वायव्य टोकाचं बंदर. जवळच साउथ स्टॅकचं 1809 सालचं दीपगृह आहे आणि त्याच्या दक्षिणेला पेन्रिन माउर नावाचं टोक. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी 5-6 नॉटने, म्हणजे ताशी साधारण 9-11 किलोमीटरने धावतं. कायक आरामात 3-4 नॉट जाते. म्हणजे दंडात कितीही बळ असलं तरी हिशेब आधीच हरलेला. त्यात वारा प्रवाहाच्या उलट दिशेने आला की लाटा उभ्या राहतात, जागच्या जागी फुटतात, आणि आमचा वर्ग भरतो तो तिथेच. खडकाच्या आडोशाला मात्र पाणी शांत, कधी प्रवाहाच्या उलट दिशेने वाहणारं. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर लोंढ्याविरुद्ध जायचं झालं तर आपण खांबाआड थांबत थांबत सरकतो ना, तसंच इथे एका आडोशातून दुसऱ्यात जायचं. आडोशातून बाहेर पडताना कायकचं नाक प्रवाहात शिरतं त्या क्षणी प्रवाहाच्या दिशेला कललं नाही, तर उलटलंच समजा.

पण खरा अभ्यास टेबलावर होतो. आजोबा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगायचे, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. इथे प्रवाहाचा तक्ता लिव्हरपूल किंवा डोव्हरच्या भरतीवरून वाचतात. चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग धरायचे: पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. भरती 4 मीटरची असेल तर मधल्या दोन तासांतच 2 मीटर चढतात, आणि प्रवाहाचा जोरही बहुधा तेव्हाच सर्वाधिक. आपली महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढते, पण ती उंची झाली. प्रवाह कधी वळणार हे त्यातून कळत नाही, कारण किनाऱ्यावरची पूर्ण भरती आणि टोकाजवळचं पाणी वळणं यांची वेळ एकच असेल असं नाही. गोदीत तुम्ही जहाज आत घ्यायच्या वेळेवरून वाद घालायचात, तो वाद आता मला समजतो.

बचावाचे धडेही रोज असतात. कोणी बाहेर पडलं तर त्याच्या कायकचं नाक आपल्या कायकवर ओढून पाणी ओतून टाकायचं आणि त्याला परत चढवायचं, सगळं लाटेत हेलकावत. ओढून न्यायची वेळ आली तर दोर लांब सोडायचा, नाहीतर मागची कायक लाटेवरून घसरत येऊन आपल्याच पाठीत बसते.

प्रशिक्षक बाईंची मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या सकाळी नकाशा पुढ्यात टाकून एवढंच विचारतात, "आज कुठे जायचं नाही?" एकदा बोफर्ट 5चा, म्हणजे ताशी 30-35 किलोमीटरचा वारा प्रवाहाच्या उलट होता. सगळे कपडे चढवून तयार, आणि त्यांनी आम्हाला चहा प्यायला नेलं. शूर मंडळींची तोंडं उतरली. मला मात्र इथे पैसे भरल्याचं समाधान त्या चहालाच झालं.

डिसेंबरात येतेय. गेटवेसमोर वल्हवणार नाही, शब्द देते. ती जहाजांची वाट, आणि कायक रडारवर धड दिसतही नाही. मांडवा ते किहीम एवढंच करायचा विचार आहे, पौर्णिमेचं उधाण टाळून अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, सकाळी लवकर, दुपारचा वायव्येचा वारा सुटायच्या आत. बाबा, थळच्या तुमच्या ओळखीच्या होडीवाल्यांना दोन गोष्टी विचारून ठेवा: तो वारा साधारण किती वाजता धरतो, आणि जाळी कुठे लावलेली असतात. परवानगीचं मी बघते. सोबत त्यांची होडी मिळाली तर भाडं मी देईन, तुम्ही घासाघीस करू नका.

आई, तू भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने ये. ती लाँचसारखी हलत नाही, तरी ओकारीची गोळी आदल्या रात्रीच पर्समध्ये टाक.

तुमची,
मीनल