काजू बी आफ्रिकेतून आणा, पण महिना बघून आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली एक्स्पोर्ट-इम्पोर्टवर सगळीकडेच भरपूर छापून येतं. पोरंही उत्साहाने 500 रुपये भरून आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा सरकारी कोड) काढतात आणि मग आमच्याकडे येऊन विचारतात, काका, आता माल कुठला धरू? हा प्रश्नच उशिरा विचारला जातो असं मला वाटतं. माल निवडताना समोरच्या देशात तो कुठल्या महिन्यात निघतो आणि तेव्हा आपल्या गोडाऊनमध्ये काय असतं हे आधी बघायला हवं, दर नंतर.

आमच्या काजूचंच घ्या. कोकणातली बी साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मे पर्यंत येते, आणि बहुतेक कारखाने फक्त गावच्या बीवर वर्षभर चालू शकत नाहीत, म्हणजे बाहेरची बी लागतेच, नाहीतर सोलायला बसणाऱ्या बायकांना काही महिने घरी बसावं लागेल. पण बाहेरची म्हणजे कुठली? आयव्हरी कोस्ट, बेनिन, गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकेच्या बाजूचं पीक जवळपास आपल्याच सीझनला निघतं. तो माल भरून जहाजं इकडे लागतात तेव्हा आपला शेतकरी बी विकायला उभा असतो, आणि भाव पडला की त्याचा राग सगळ्याच आयातीवर निघतो. तो राग रास्त आहे. टांझानियाचं तसं नाही. तिकडे म्त्वारा, लिंडी भागात ऑक्टोबरला लिलाव सुरू होतात, माल इकडे पोचतो तेव्हा आपली झाडं मोहोरावर असतात आणि गोडाऊन रिकामं. दोन्हीकडच्या शेतकऱ्याला हे परवडतं, फक्त मार्चपर्यंत जेवढी फोडून होईल तेवढीच मागवा, साठा करून ठेवलात तर परत तेच होणार.

आता क्वालिटी. नुसता फोटो बघून सौदा करू नका, बी कापून बघा. किलोभर सॅम्पल घ्यायचं, दाणे मोजायचे, एकेक बी कापून चांगला गर वेगळा काढून वजन करायचं. किलोमागे 280 ग्रॅम गर निघाला तर 80 किलोच्या पोत्याला आउटटर्न, म्हणजे एका पोत्यातून निघणारा चांगला गर, साधारण 49 पाउंड बसतो. दोन-तीन पाउंडांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो पण पूर्ण कंटेनरचा नफा त्यातच जातो. ओलावाही मीटर लावून बघा, ओली बी कंटेनरमध्ये उबते आणि गर काळा पडतो, मग तो डब्ल्यू 320 च्या, म्हणजे चांगल्या अख्ख्या पांढऱ्या गराच्या भावात कोण घेणार!

दुसरी गोष्ट सरकारांची. ऑगस्ट 2017 मध्ये आपण तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली तेव्हा टांझानिया-मोझांबिकमध्ये केवळ आपल्यासाठी तूर पेरणारे शेतकरी पार अडकले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2018 ला टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी व्यापाऱ्यांचा भाव कमी आहे म्हणून लष्कराला काजू उचलायला सांगितलं, किलोला 3,300 शिलिंग दराने, आणि इकडे माल येईल या भरवशावर बसलेले कारखाने बघत राहिले. म्हणून एकाच देशावर, एकाच मालावर सगळं भांडवल लावू नये, निदान नवीन माणसाने तरी.

आणि जाताना काय पाठवायचं? टांझानियाला कच्ची बी न विकता तिथेच गर काढायचाय, आणि बी फोडायची, सोलायची मशीनं आपल्याकडे कोल्हापूरला बनतात. काही जण म्हणतात मशीन दिलं की उद्या बी बंद होईल. मला हे पटत नाही, आपण नाही दिलं तर व्हिएतनाम देईल, ते या धंद्यात आपल्या पुढे गेलेतच. शिवाय मशीन गेलं की स्पेअर पार्ट आणि मेकॅनिक मागोमाग जातातच, आणि तो संबंध एका सीझनपुरता राहत नाही.

आपल्या पेपरला एक विनंती आहे. बाजारभावाच्या पानावर ऑक्टोबर ते जानेवारी टांझानियाच्या लिलावाचे दर आणि फेब्रुवारीपासून पश्चिम आफ्रिकेचे दर आठवड्यातून एकदा तरी छापा. ते आज फक्त मोठ्या दलालांकडे असतात, बागायतदाराला बी विकून झाल्यावर कळतात.

आपला,
एक काजू कारखानदार, वेंगुर्ला