गोळी लागल्यावरच बातमी का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१२ जुलैला पाकिस्तानच्या मलाला युसुफझाईचा वाढदिवस आला की दरवर्षी सगळीकडे तेच छापून येतं, गोळी, नोबेल आणि तोच फोटो. मग लोक म्हणायला मोकळे की गोळी लागली म्हणून फेमस झाली, नाहीतर कोण विचारत होतं! मला याचा खरंच राग येतो. गोळी लागली ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि ही पोरगी जानेवारी २००९ पासून, म्हणजे ११ वर्षांची असताना, पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात तालिबानने मुलींच्या शाळा बंद करायचा हुकूम काढलेला असताना गुल मकई या नावाने बीबीसी उर्दूसाठी डायरी लिहीत होती. त्यात आहे की युनिफॉर्म घालू नका असं शाळेने सांगितलं म्हणून ती आवडता गुलाबी ड्रेस घालून गेली, तर प्रार्थनेला सांगितलं की रंगीत कपडे पण नकोत, तालिबानला चालणार नाही. हे कधी छापलं का कुणी? गोळीबार झाला त्या शाळेच्या गाडीत तिच्या मैत्रिणी कायनात आणि शाझिया पण जखमी झाल्या होत्या, त्यांची नावं तरी किती जणांना माहितीयेत?

आणि आत्ताचं बघा. अफगाणिस्तानात तालिबानच्या राज्यात सप्टेंबर २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा नाही, डिसेंबर २०२२ पासून युनिव्हर्सिटी पण बंद. तिथे मतिउल्ला वेसा नावाचा तरुण आणि त्याची पेन पाथ ही संस्था कितीतरी वर्षं मोटरसायकलवर पुस्तकं लादून लांबलांबच्या गावांत नेतात, मुलींची शाळा उघडा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांना जाऊन भेटतात. मार्च २०२३ मध्ये काबूलला नमाज पढून मशिदीतून बाहेर पडताना तालिबानने त्याला धरलं, सात महिने आत ठेवलं. असं काम करणारा माणूस आपल्याकडे कुणाला माहीतच नाही, कारण तो मेला नाही आणि त्याला नोबेल पण मिळालं नाही.

लांबचं आहे, आपल्याला काय, असं निदान पुण्याने तरी म्हणू नये. सावित्रीबाई आणि जोतिबांनी १८४८ ला मुलींची शाळा काढली ती याच गावात आणि सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात अफगाण मुलंमुली शिकायला येतात. तुमच्या वार्ताहराने त्यांच्याशी बोलावं, घरी राहिलेल्या बहिणी सध्या काय करतात, चोरून ऑनलाईन शिकता येतं का ते विचारावं आणि महिन्यातून एकदा तरी छापावं. फक्त नाव आणि फोटो टाकू नका प्लीज, त्यांच्या घरची माणसं अजून तिकडेच आहेत.

आपली,
एक वाचक, पुणे