फोन चालू ठेव

यावल, २८ मे

चि. मायास अनेक आशीर्वाद.

काल बोलता बोलता तू फोन ठेवून दिलास. माझंच चुकलं, ‘काढून टाक ती पोस्ट’ असं मी तिसऱ्यांदा म्हणालो. आज म्हणणार नाही. कागदावर मी जरा शहाणा असतो.

तू लिहिलंस त्यात खोटं काहीच नाही. केळीचा विमा मिळतो तो हवामान केंद्राच्या आकड्यावर, आणि महसूल मंडळातल्या त्या केंद्राचं ऊन आपल्या बागेत कधी पडलंच नाही. खालच्या वावरात घड निसटून पडले तेव्हा फोटो तूच काढलेस, पाय पोळत होते तरी. आता तुझं पान उघडलं की ‘कायदेशीर मागणीवरून भारतात रोखले आहे’ एवढी एकच ओळ दिसते. मागणी कुणाची, ते नाही. तू समजावलंस ना, २०१५ साली सुप्रीम कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ कलम रद्द केलं, पण सरकारला इंटरनेटवरचा मजकूर रोखू देणारं ६९ अ राहू दिलं. त्यात देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं मोजून लिहिलीत आणि २००९ च्या नियमांनी आदेश मात्र गुपित. घड पडल्याने कोणती सुव्यवस्था बिघडली, हा तुझा सवाल बरोबरच आहे. पण तो विचारून झाल्यावर रात्री फोन बंद ठेवू नकोस.

परवा पोलीस ठाण्यातून एकजण ‘सहज’ आला होता. बशीत चहा ओतत म्हणाला, ‘मुलगी हुशार आहे तुमची.’ मला बरं वाटलं, आणि लगेच पोटात कसंतरी झालं. तेव्हापासून तुझ्या आईला झोप नाही. मला आहे, असं समज.

आणि पोस्टमध्ये साहेबांचं नाव कशाला घ्यायचं? नुसते आकडे ठेवायचे, जरा नरम भाषेत... बघ, लागलो शिकवायला. सोड.

वाचनालयातला आप्पांचा फळा तुला माहीत आहे. एक गोष्ट माहीत नाही. १९७५ साली मी दहा वर्षांचा. आप्पा रात्री बीबीसी ऐकायचे नि सकाळी फळ्यावर बातम्या लिहायचे. जूनअखेरीस ‘जयप्रकाश नारायण यांना अटक’ लिहून ते गोठ्यात गेले. दोन अनोळखी माणसं फळ्यापुढे उभी राहून कुजबुजत होती. ती वळताच मी ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकलं. आप्पा आले, त्यांनी फळा पाहिला, माझे हात पाहिले. एक शब्द बोलले नाहीत. फळा वाळेपर्यंत पायरीवर बसून राहिले, मग पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. मी खडू धरून बाजूला उभा. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

वकिलाचे पैसे मी पाठवतो. आत्याजवळ विषय काढू नकोस, गावभर होईल. एसटीने बिबडे आणि दादर ज्वारीचं पीठ येतंय, उतरवून घे. पोस्टचं तुझं तू बघ. मी आता म्हणत नाही.

रात्री फोन चार्जिंगला लावून झोप.

तुझा,
बाबा