जवानाच्या घरचा बाजार कोण मोजतो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महागाई भत्ता वाढला की वर्तमानपत्रांत किती टक्के, किती लाख कर्मचारी आणि तिजोरीवर किती बोजा एवढं छापून येतं. ते टक्के येतात कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. मी विचारतो, कारण ते आणण्याच्या कामात मी हमाली केली आहे. राज्य सरकारच्या नोकरीत सोलापुरात असताना बाजारभाव टिपायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. आता मुलगा फौजेत हवालदार आहे. म्हणजे ज्या भावांवर त्याचा भत्ता ठरत आला, त्यातले काही त्याच्या बापाच्याच हस्ताक्षरातले.

काम दिसायला सोपं. वार ठरलेला, दुकानं ठरलेली, मालाची जातही ठरलेली. ज्वारी म्हणजे नुसती ज्वारी नाही. मालदांडी लिहून दिली असेल तर मालदांडीच. ती त्या दिवशी दुकानात नसली तर शेजारच्या पोत्यातल्या दुसऱ्या ज्वारीचा भाव गुपचूप लिहायचा नाही, तसा शेरा मारायचा. नाहीतर भाव चढला की मालच बदलला, हे वर बसलेल्याला कळणार कसं? सुरुवातीला एक किराणावाला मला बघितलं की दोन रुपये कमी सांगायचा. सरकारी माणूस, उगाच झंझट नको म्हणून. ते ध्यानात आल्यावर मी आधी गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभा राहायचो, बाईला सांगितलेला भाव ऐकायचो आणि मग वही काढायचो. "साहेब, कधीतरी पावशेर घेऊन बी जा," हे तर दर आठवड्याला ऐकलं. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच, पण वजन घटलेलं, हाही प्रकार आम्ही लोकांच्या आधी पकडायचो.

असे भाव देशातल्या 88 केंद्रांमधून, 317 बाजारांतून गोळा होतात आणि केंद्र सरकारचा लेबर ब्युरो त्यांचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक बनवतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा आणि त्यांच्याबरोबर तिन्ही सेनादलांचा महागाई भत्ता याच निर्देशांकावर बांधलेला आहे. गणित उघड आहे, कुणीही करून बघावं. निर्देशांकाची मागच्या 12 महिन्यांची सरासरी काढायची, 2016 च्या पायावरून (म्हणजे त्या वर्षीचे भाव 100 धरून) 2001 च्या पायावर नेण्यासाठी तिला 2.88 ने गुणायचं, त्यातून 2015 ची सरासरी, म्हणजे 261.42, वजा करायचे आणि उरलेल्याचं 261.42 शी टक्क्यांत प्रमाण काढायचं. जून 2025 पर्यंतच्या वर्षाची सरासरी 143.6 च्या आसपास होती. त्यावरून 58 टक्के आणि थोडा अपूर्णांक येतो. अपूर्णांक सोडून देतात. 1 जुलै 2025 पासूनचे 58 टक्के ते हेच. यात लबाडी नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

माझी तक्रार गणिताच्या आधीच्या पायरीची आहे. भाव कुणाच्या पिशवीतल्या मालाचे टिपायचे? पिशवीत काय किती असतं हे ठरवायला 48,384 कामगार कुटुंबांची पाहणी झाली. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, सार्वजनिक मोटार वाहतूक, वीज आणि बंदरं अशा सात क्षेत्रांतली ही कुटुंबं. त्यांच्या खर्चावरून 100 पैकी खाण्यापिण्याला 39.17, घराला 16.87, कपडे-चपलांना 6.08, इंधन-दिव्याला 5.50, पान-सुपारी-तंबाखू आणि मद्याला 2.07 आणि शिक्षण, औषधपाणी, प्रवास वगैरे सगळ्या किरकोळीला 30.31 असं वजन मिळालं. सात क्षेत्रांत फौज नाही. इंजिन ड्रायव्हरच्या घरचा महिना आणि फौजेतल्या नाईकाच्या घरचा महिना एकच, असं गृहीत धरून आपण चाललो आहोत.

एकच आहे का? सूनबाईंची वही माझ्यासमोर आहे. (वही ठेवायची सवय मीच लावली, मला दुसरं येतं काय!) पठाणकोटला क्वार्टर होतं तेव्हा साबण, चहा, तेल, पंखासुद्धा फौजेच्या कॅन्टीनमधून, बाजारापेक्षा स्वस्त. भाजी, दूध, रिक्षा, शिकवणी बाहेरून, बाहेरच्या भावाने. मुलाची बदली सीमेकडच्या ठाण्यावर झाली, तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून सूनबाई दोन नातवंडांना घेऊन सोलापूरला आल्या. तीन वर्षांत नातवाच्या दोन शाळा झाल्या. दोन्हींचे गणवेश वेगळे, पुस्तकं वेगळी, दुसरीकडे नवी मराठी आली म्हणून तिची वेगळी शिकवणी. कॅन्टीन इथेही आहे, पण आमच्या घरापासून लांब. रिक्षाचं जाणंयेणं धरलं की साबणातली बचत रिक्षावाला घेऊन जातो. "मामा, कार्ड आहे पण सोय नाही," हे त्यांचे शब्द. शिवाय एक खर्च तिकडे, एक इकडे. मुलाला लंगरचं, म्हणजे फौजेच्या भटारखान्याचं, जेवण आहे, हे खरं. पण फोन, सुट्टीचं येणंजाणं, युनिटमधल्या देण्याघेण्याचं काय?

उलट बाजूही लिहितो, नाहीतर माझ्या जुन्या खात्यातले लोक हसतील. जवानाच्या घरचा बाजार खरोखर मोजला तर काही आकडे खालीही येतील. त्याच्या जेवणाचा भार स्वयंपाकघरावर नाही. कॅन्टीनच्या बाटलीचा भाव दुकानातल्या बाटलीचा नव्हे. पाहणी झाली म्हणजे भत्ता वाढलाच, असं मी म्हणत नाही. वाढो की घटो, तो त्याच्याच घरावरून ठरावा.

अमेरिकेत परदेशी तळांवरच्या सैनिकांसाठी निर्वाहखर्च भत्ता आहे. त्याची रीत मला या धंद्यातला माणूस म्हणून आवडते. दर तीन वर्षांनी तळावरच्या लोकांनाच विचारतात की तुम्ही माल कुठून घेता? किती लष्करी दुकानातून, किती गावातून, किती ऑनलाइन? मग दरवर्षी तळावरचीच माणसं त्यांनी सांगितलेल्या दुकानांत जाऊन साधारण 120 वस्तू आणि सेवांचे भाव टिपतात. ते अमेरिकेतल्या भावांशी ताडून निर्देशांक निघतो आणि हुद्दा व कुटुंब बघून भत्ता. घरभाड्याचा हिशेब वेगळा. जपानमध्ये येन घसरला की तिथल्या सैनिकांचा भत्ता कापला जातो आणि ते कुरकुरतात, हेही त्यातच आलं. त्यांचा भत्ता दोन जागांच्या भावांतला फरक भरतो, आपला काळाबरोबर चढलेल्या भावांतला. तेव्हा तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. मला घ्यायचा आहे तो त्यांचा पहिला प्रश्न, तुम्ही माल कुठून घेता?

हा प्रश्न आपल्याला परका आहे असंही नाही. मुंबई इलाख्याच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये मुंबईतल्या कामगारांच्या घरखर्चाची चौकशी केली होती. शंभर वर्षांपूर्वी गिरणगावातल्या खोलीत जाऊन जे विचारता आलं, ते आज छावणीतल्या क्वार्टरमध्ये जाऊन विचारायला अडचण कसली?

अडचण कुठे आहे ते अहवालांतच सापडतं. न्या. श्रीकृष्ण यांच्या सहाव्या वेतन आयोगाने 2008 मध्ये सुचवलं होतं की राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने फक्त सरकारी कर्मचाऱ्यांची पाहणी करण्याची शक्यता तपासावी आणि त्यांच्यासाठी वेगळा निर्देशांक तयार व्हावा. 2015 मध्ये सातव्या आयोगाने नोंदवलं की हे झालेलं नाही. पण पुढे आयोगानेच म्हटलं की चालू पद्धत ठीक चालली आहे आणि ती बदलण्याची कुणाची मागणीही नाही, तेव्हा तीच चालू द्यावी. हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मागणी नाही! फौजेतला माणूस मोर्चा काढत नाही, त्याची संघटना नाही, संपाची तर गोष्टच सोडा. त्याच्याकडून मागणी आली नाही, यावरून त्याचं समाधान आहे असा निष्कर्ष काढायचा?

आता न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे आणि त्याला शिफारशींसाठी 18 महिने दिले आहेत. श्रीकृष्ण आणि देसाई, दोघेही मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. तेव्हा आपल्याकडच्या माणसाने सुचवलेलं आपल्याकडच्याच माणसाने पुरं करावं, असं म्हणायला मला संकोच नाही. या आयोगाने सैनिक कुटुंबांची वेगळी खर्च-पाहणी सुचवावी. छावणीत राहणारी, गावी ठेवलेली आणि शहरात भाड्याने राहणारी, अशी तिन्ही प्रकारची कुटुंबं त्यात घ्यावीत. भाडं तर जरूर विचारावं, कारण घरभाडे भत्ता आज शहराची लोकसंख्या बघून ठरतो, तिथलं भाडं बघून नाही. पाहणीला कॅन्टीनचे भाव लागतील. ते मिळवायला लांब जायला नको, या कॅन्टीनना माल पुरवणाऱ्या कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटचं मुख्यालय मुंबईतच आहे.

फौजेतल्यांना स्वतःहून मागता येत नसेल तर बापाला येतं. पुढच्या अहवालात "मागणी नाही" असं लिहायची वेळ आली तर निदान हे पत्र छापलेलं असावं. सूनबाईंची 14 महिन्यांची वही मी आयोगाला पाठवायला तयार आहे. साबणाच्या ओळीत दोन भाव आहेत, एक कॅन्टीनचा, दुसरा पेठेतला, आणि खाली पेन्सिलीने रिक्षाचे पैसे.

आपला,
एक निवृत्त भाव टिपणारा
सोलापूर