दिवाळे गावच्या मावशींना, प्रबंधाबाहेरचे आभार

मावशी, सप्रेम नमस्कार.

कालवांच्या पिल्लांवरचा माझा प्रबंध गेल्या महिन्यात बांधून आला. आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, घरचे आहेत, सूक्ष्मदर्शकाची भिंग पुसून देणारे दादाही आहेत. तुमच्या वाट्याला 'स्थानिक मच्छीमार' हे दोन शब्द आले. नाव घालू का, असं विचारलं होतं मी. तुम्ही हात झटकलात, "माजा नाव नको त्या बुकान." म्हणून नाव इथेही नाही; पण नातू वाचून दाखवेल तेव्हा कोणाला लिहिलंय ते तुम्हाला कळेलच.

आठवतं ना, पहिल्यांदा मी दिवाळ्याच्या जेट्टीवर आले ते अष्टमीला? मोबाइलवर ओहोटीची वेळ बघून आले होते. पाणी उतरलं, पण अष्टमीला भरती-ओहोटी बेताचीच, भांगाचं पाणी ते, कितीसं उतरणार! दगड नुसते डोकावत होते. तुम्ही हसलात. पुनवेला किंवा अवसेला पहाटे ये म्हणालात. हे भरती-ओहोटीचं गणित मी एमएस्सीच्या परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, बरं का.

तोवर माझे दोन महिने वाया गेले होते. कालव उघडायचं, अंडी काढायची, दुसऱ्यातून नराचं बीज घ्यायचं, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात दोन्ही मिसळायचं आणि बघत बसायचं. काहीच घडत नसे. पाण्यात पडल्यावर पेरूच्या आकाराचं अंडं गोल व्हायला हवं, तेही धड होत नसे. मी पाण्याला दोष दिला, काचेच्या भांड्यांना दिला, शेवटी स्वतःला.

तुम्ही माझ्या बादलीतलं एक कालव फोडलंत आणि अंगठ्याने दाबलंत. आतलं मांस पाणचट, आरपार दिसणारं. "ही त मोकली झाली, पोरी." मग तुमच्या टोपलीतलं दुसरं फोडलंत. ते सायीसारखं पांढरं, फुगलेलं. बोट लावलं तर दूध पसरलं. मी अंडी सोडून रिकामी झालेली कालवं गोळा करत होते! वर ती पाण्याच्या बादलीत घालून रिक्षातून हिंदकळत न्यायची, म्हणजे उरलीसुरली पिकलेलीही वाटेतच अंडी सोडणार. ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यायचं तुम्हीच सांगितलंत. गोणपाटही तुमचंच.

त्या दुपारी काय दिसलं ते तुम्हाला नीट सांगायचं राहिलंच. मिसळल्यावर तासाभराने अंड्याच्या एका बाजूला फुगवटा आला. क्षणभर वाटलं, तीन पेशी झाल्या. मग तो फुगवटा एका पेशीत परत विरून गेला आणि दोनच उरल्या, एक लहान, एक मोठी. पुस्तकात हे चित्र शंभरदा पाहिलंय, तरी मी खुर्ची सोडून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना इंग्रजी डी अक्षरासारखी इवलीशी शिंपली आली होती आणि ती गरगर पोहत होती. पोहण्याचे त्यांचे दिवस दोन-तीन आठवड्यांचेच. मग डोळ्याचा ठिपका येतो, पाय येतो, जागा चाचपून बघतात आणि चिकटतात ती कायमची.

माझा प्रश्न पावसाचा होता. खाडीचं पाणी गोडसर झालं की या पिल्लांचं काय होतं? खारेपणा फार घसरला की शिंपली वाकडी येते, काहींना येतच नाही. पण हे बघायला आधी पिल्लं तर हवीत ना!

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. ब्रुक्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1879 मध्ये अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावर हेच केलं. युरोपातलं कालव पिल्लं आपल्या शिंपल्यातच सांभाळतं, म्हणून सगळे अमेरिकेतल्या कालवातही पिल्लं आतच शोधत. ती सापडेनात. शेवटी त्याने अंडी बाहेर काढून बीजात मिसळली, तेव्हा कळलं की या कालवांचं सगळं उघड्या पाण्यातच होतं. त्याला दिवाळ्याची मावशी भेटली असती तर वेळ वाचला असता, असं मी मार्गदर्शकांना म्हटलं. ते हसले नाहीत.

आणि रिकामे शिंपले तुम्ही परत खडकांकडे भिरकावता, ते का, हे विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "त्यावरच पोरं बसतान." कालवाची पिल्लं जुन्या कालवांच्या शिंपल्यांवर बसणं पसंत करतात, हे वाक्य माझ्या प्रबंधात तिसऱ्या प्रकरणात आहे. संदर्भ मात्र कुठल्यातरी परदेशी निबंधांचे द्यावे लागले.

तुमचं गोणपाट अजून प्रयोगशाळेच्या गच्चीवर वाळतंय. येत्या अवसेच्या पहाटे घेऊन येते.

तुमची,
वाशीची पोरगी