शाल-श्रीफळ झालं, आता चौकशीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात अमेरिकेला निघालेल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांवर अर्धं पान छापून आलंय. आधी मला ती जाहिरातच वाटली. कोपऱ्यात 'प्रतिनिधी' असं दिसलं तेव्हा कळलं, बातमी आहे. फोटो छान आहे. मुलांच्या गळ्यात हार, खांद्यावर शाल, मागे फ्लेक्स आणि मधोमध तो एजंट. माफ करा, 'करिअर मार्गदर्शक'. महिना दोन लाख, जागतिक दर्जाचं प्रशिक्षण, संस्कृतीची देवाणघेवाण, सगळं त्याच्याच तोंडचं. तुमच्या प्रतिनिधीने जाऊन आलेल्या एकाही मुलाला काही विचारलेलं दिसत नाही. शोधायला लांब जायचीही गरज नव्हती. मागे तुम्हीच असाच एक फोटो छापला होता, त्यात डावीकडून दुसरा उभा होता तो माझा भाचा. बहिणीने ते कात्रण लॅमिनेट करून ठेवलंय, म्हणजे पुरावा आहे.

आधीच सांगून टाकते, चादरी बदलण्यात किंवा भांडी घासण्यात मला काडीचा कमीपणा वाटत नाही. माझी खानावळ आहे आणि तिथली पातेली मीच घासते. तेव्हा 'कोकणी माणसाला कष्टाची लाज वाटते' छापाची उत्तरं कुणी पाठवू नयेत. कामाबद्दल तक्रार नाही. कामाला शिक्षण म्हणून विकतात आणि शिकणाऱ्याकडूनच वर तीन लाख घेतात, त्याबद्दल आहे. बांगड्याच्या वाट्याला सुरमईचा भाव लावला तर आमच्या बाजारात बायका टोपलीसकट उठवतात.

भाच्याने हॉटेल मॅनेजमेंटची तीन वर्षं पुरी केली आणि लगेच 'जे-१ इंटर्न' म्हणून निघाला. जे-१ म्हणजे प्रशिक्षण आणि देवाणघेवाणीच्या कार्यक्रमासाठीचा अमेरिकेचा व्हिसा. जायच्या आधी एक आराखडा आला होता, डीएस-७००२ म्हणतात त्याला. चार महिने फ्रंट ऑफिस, चार महिने रेस्टॉरंट, चार महिने हाउसकीपिंग. प्रत्येक टप्प्यात काय शिकायचं, कोण शिकवणार, तपासणार कोण, सगळं टाइप केलेलं आणि खाली सह्या. आमच्या घरात इतका व्यवस्थित कागद जमिनीच्या खटल्यातसुद्धा कुणी पाहिला नव्हता. त्या सह्या बघूनच बहिणीने पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. एजंटाची फी, स्पॉन्सरची (म्हणजे मुलाला या कार्यक्रमात घेणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेची) फी, विमा, व्हिसा, विमानाचं तिकीट, सगळं मिळून तीन लाखांच्या वर गेलं.

तिथे समुद्रकाठचं हॉटेल मिळालं. (मालवणातल्या पोराला समुद्र दाखवायला तिकडे नेला, हेही एक.) पहिल्या दिवशी सांगितलं, आत्ता सीझन आहे, सध्या हाउसकीपिंग कर. सीझन सरला तेव्हा सांगितलं, आता माणसं कमी केलीत, तूच हाउसकीपिंग सांभाळ. मग पुन्हा सीझन आला. वर्ष संपलं. फ्रंट ऑफिसात तो गेला तो एकदाच, फुटलेला दिवा बदलायला.

एका पाळीत सोळा खोल्या. गादी इतकी जड की एका हाताने कोपरा उचलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने चादर खाली ओढून घ्यायची, चारही कोपऱ्यांना तेच. मनगटं सुजायची. बाथरूम धुवायच्या औषधाने बोटांची सालपटं निघायची, हातमोजे मागितले तर 'उद्या येतील'. हे सगळं मला कधी कळलं? एकदा रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला, मागे मशीन घरघरत होती, बहुधा लॉन्ड्रीतूनच बोलत होता. म्हणाला, "मावशे, हंय शिकाक काय एक नाय. आवशीक सांगू नको हां." त्याच रात्री त्याने मला तिकडचा नियम वाचून दाखवला. हॉटेल-पर्यटनातलं सहा महिने किंवा त्याहून मोठं प्रशिक्षण असेल तर मुलाला निदान तीन विभागांत फिरवलं पाहिजे, आणि अकुशल मजुरीला त्याला जुंपायचं नाही. नियम अमेरिकेचाच आहे, नीट छापलेला आहे. मी म्हटलं, मग दाखव की तुझ्या साहेबाला. तो हसला. साहेबाने त्या आराखड्यावर सही केली होती, वाचला नव्हता.

त्या स्पॉन्सर संस्थेला त्याने ईमेल केला. उत्तर आलं की अनुभव हाच मोठा शिक्षक असतो, सकारात्मक राहा. पुढे बोलायची सोय नव्हती, कारण स्पॉन्सरने नाव काढलं की व्हिसा गेला, आणि दुसऱ्या हॉटेलात जायचं तरी परवानगी त्याच स्पॉन्सरची. इकडच्या एजंटाला आम्ही फोन लावला. पैसे भरेपर्यंत त्याचा फोन पहिल्या रिंगला उचलला जायचा. नंतर एक बाई उचलायची आणि सर मीटिंगमध्ये असायचे. वर्षभर मीटिंग चालली.

आता तुमच्या त्या दोन लाखांकडे येते. तासाचा दर गुणिले चाळीस तास, गुणिले आठवडे, गुणिले डॉलरचा भाव, असा हिशेब केला की दोन लाखांच्या आसपास आकडा येतो, खोटं नाही. फक्त मिळकत डॉलरात मोजायची आणि खर्च कुडाळच्या भावाने धरायचा, ही एजंटांची जुनी कला. सीझनला चाळीस तास मिळाले. थंडीत हॉटेल रिकामं, तास निम्म्यावर आले. खोलीचं भाडं मात्र निम्म्यावर आलं नाही. एका खोलीत चौघं, दोन बंक, भाडं हॉटेलच कापून घ्यायचं आणि कामावर सोडणाऱ्या गाडीचंही. शिवाय पगाराच्या चिठ्ठीवर एक गंमत होती. तिकडच्या लोकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनचा आणि दवाखान्याचा कर कापतात, याचं कापलं नव्हतं. पोरगं खूश झालं, तेवढेच चार पैसे वाचले म्हणून. पण या व्हिसावरच्या मुलांसाठी तो कर मालकालाही भरावा लागत नाही, म्हणजे प्रत्येक पोरामागे पगाराच्या ७.६५ टक्के मालकाचे वाचले. आता सांगा, मालक गावातला माणूस ठेवील की आमचा शाल पांघरलेला?

हे काही एकट्या माझ्या भाच्याचं दुखणं नाही, आणि नवं तर मुळीच नाही. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियात हर्शी चॉकलेटच्या कोठारात शेकडो परदेशी विद्यार्थी काम सोडून बाहेर आले होते. चीन, तुर्कस्तान, युक्रेन, कुठकुठली मुलं. सुट्टीत काम करा, अमेरिका बघा, इंग्रजी सुधारा म्हणून हजारो डॉलर भरून आलेली, आणि रात्रपाळीला चॉकलेटची जड खोकी उचलत होती. भाडं कापून हातात काय उरायचं ते त्यांनी जगाला सांगितलं. त्यानंतर अमेरिकन सरकारने त्या स्पॉन्सरची मान्यता काढली आणि २०१२ मध्ये उन्हाळी कामाचे नियम बदलून कारखाने, कोठारं आणि रात्रपाळी यांवर बंधनं घातली. मुलं रस्त्यावर आली तेव्हा सरकार हललं. आमची मुलं रस्त्यावर येत नाहीत. ती इन्स्टाग्रामवर गाडीशेजारी उभी राहून फोटो टाकतात, गाडी कुणाची ते विचारू नये.

कारण परत आल्यावर खरं सांगायचं कुणाला? गावाने हार घातलेला असतो. भाचा चतुर्थीला आला. घर पाहुण्यांनी भरलेलं, रात्री माळ्यावरच्या चटया-गोधड्या काढून याने सगळ्यांची अंथरुणं घातली. बघते तर प्रत्येक गोधडीचा कोपरा हॉटेलातल्यासारखा दुमडून आत खोचलेला, सुरकुती नाही. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. बहीण कौतुकाने शेजारणीला म्हणाली, बघा, अमेरिकेत काय काय शिकवतात. तो माझ्याकडे बघून गप्प बसला आणि मीही गप्प बसले. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत.

अमेरिकेने हा कार्यक्रम १९६१ च्या कायद्याने चालवला तो दोन देशांच्या माणसांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून. भाच्याची ओळख झाली. फिलिपिन्सचा एक, जमैकाचे दोघं, सगळे त्याच खोलीतले. अमेरिकन माणसं भेटली ती बहुतेक टॉवेलांवरून. याच व्हिसावर परदेशी मुली तिकडच्या घरांत पोरं सांभाळायलाही जातात, ऑ पेअर म्हणून, आठवड्याला ४५ तासांपर्यंत. त्यांना निदान राहणं-जेवण तरी त्या घरातच मिळतं. आमच्याकडून बंकचंही भाडं.

तुम्ही अग्रलेखांत अधूनमधून लिहिता की कोकणातली मुलं इथे टिकत नाहीत. कशी टिकतील? सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ साली. तेव्हा जन्मलेली पोरं आता बापाच्या वयाला लागली. तारकर्लीला सीझनला खोली मिळत नाही, पण हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या मुलाला वर्षभराचा धड पगार देणारी हॉटेलं किती, ते तुमच्या प्रतिनिधीने एकदा मोजावं. आमच्या हापूसच्या बागा नेपाळी राखतात, ट्रॉलरवर खलाशी नेपाळी. ते घर सोडून इथे येतात तेव्हा त्यांना कुणी शाल घालत नाही, संस्कृतीची देवाणघेवाणही म्हणत नाही. त्यांना आपण गुरखा म्हणतो आणि मजुरी देतो. तेवढा प्रामाणिकपणा तरी इथे आहे. ती मजुरी वेळेवर देतात का, हा वेगळा विषय, त्यावर दुसरं पत्र लिहीन.

जाणाऱ्यांना जाऊ नका असं मी म्हणत नाही. काही मुलांना चांगली हॉटेलं मिळतात, खरोखर तीन विभागांत फिरवतात, तेही ऐकलंय. पण पुढच्या वेळी फोटो छापण्याआधी एजंटाला चार गोष्टी विचारा की. हॉटेलचं नाव सांग. आराखडा दाखव. थंडीत किती तास देतात ते सांग. मागच्या खेपेला गेलेल्या मुलांचे नंबर दे. यातलं एक जरी त्याने सांगितलं तरी मी पुढची वर्गणी आगाऊ भरीन.

जाता जाता, वर्गणीवरून आठवलं. पान दोनवर तळाशी भरती-ओहोटीचं कोष्टक यायचं, ते गेले कित्येक दिवस गायब आहे. आमच्या आळीतले अर्धे लोक अंक घेतात तो त्याच्यासाठी. खडकांवरची कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना पाणी कधी उतरणार ते मोबाइलवर बघा म्हणून सांगायचं का? त्या जागी आता काय येतं तर 'परदेशात सुवर्णसंधी', आणि खाली फोन नंबर. नंबर ओळखीचा आहे. तीच बाई उचलते, सर अजून मीटिंगमध्येच आहेत, मी काल लावून बघितला. जाहिरातीचे पैसे मिळतात हे समजतं, तुम्हालाही कागद-शाई आहे. पण पान दोनवर त्याची जाहिरात आणि पान तीनवर त्याचीच बातमी, निदान दोन्हींत एखादा दिवस तरी जाऊ द्यायचा.

पत्र छोटं करायचं झाल्यास नेपाळी लोकांचा भाग कापू नये, एजंटाचा तर अजिबात कापू नये. माझ्याबद्दलचा कापा.

आपली वाचक,
मालवण तालुका

(नाव छापू नये. भाच्याचं लग्न जमवतोय, आणि स्थळाकडच्यांना तो अमेरिका-रिटर्न म्हणून सांगितलाय.)